रिकाम्या कुपीतले शिखर : सोया आयसोफ्लेव्होनच्या अभ्यासाची सामग्री जमवताना

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात सोया आयसोफ्लेव्होनच्या (सोयाबीनमधील, इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती रचना असलेल्या संयुगांच्या) चयापचयाचा विषय माझ्या नावावर नोंदवला गेला आणि यंदा एप्रिलच्या अखेरीस पहिल्या स्वयंसेविकेच्या लघवीच्या नमुन्याचे विश्लेषण पूर्ण झाले. मधले जवळजवळ अकरा महिने सामग्री ठरवण्यात, मागवण्यात, तिची वाट पाहण्यात आणि आलेली सामग्री खरोखर तीच आहे ना, याची खात्री करून घेण्यात गेले. शोधनिबंधांत या कामाला ‘साहित्य आणि पद्धती’ या मथळ्याखाली जेमतेम अर्धे पान मिळते. ते अर्धे पान वाचून मी तीन महिन्यांचे वेळापत्रक आखले होते. ज्या कुणाला हेच काम नव्याने उभे करायचे आहे, त्याला पुढचा रस्ता थोडा तरी दिसावा म्हणून हे सगळे क्रमाने लिहीत आहे.

आधी विषयाबद्दल थोडे सांगते, कारण सामग्रीची यादी त्यातूनच निघते. सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होनची मूळ रूपे तीन आहेत : डेडझेइन, जेनिस्टेइन आणि ग्लायसिटेइन. प्रत्येकाचे साधे ग्लुकोसाइड (साखर जोडलेले रूप), अ‍ॅसिटिल-ग्लुकोसाइड आणि मॅलोनिल-ग्लुकोसाइड धरले की एकूण बारा रूपे होतात. पोटात गेल्यावर लहान आतड्याच्या अस्तरातील आणि जीवाणूंकडची विकरे साखरेचा भाग तोडतात, सुटलेले मूळ रूप शोषले जाते आणि आतड्याच्या भिंतीत व यकृतात त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडले जाते. जे शोषले जात नाही आणि जे पित्तावाटे परत येते, ते मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या हाती लागते. तिथे डेडझेइनपासून डायहायड्रोडेडझेइन बनते आणि पुढे वाट फुटते : एकीकडे इक्वॉल, दुसरीकडे ओ-डेस्मेथिलअँगोलेन्सिन, ज्याला सगळे ओ-डीएमए म्हणतात. इक्वॉल पहिल्यांदा १९३२ मध्ये गाभण घोडीच्या लघवीतून वेगळे केले गेले आणि माणसाच्या लघवीत ते ओळखले जायला १९८२ साल उजाडले. ते सर्वांच्या शरीरात तयार होत नाही. पाश्चात्त्य देशांतील प्रौढांत साधारण २५ ते ३० टक्के आणि जपान, कोरिया, चीन येथील प्रौढांत ५० ते ६० टक्के लोक ‘इक्वॉल-उत्पादक’ असतात. हा फरक जीवाणूंमुळे पडतो, पण कोणत्या परिस्थितीत हे जीवाणू काम करतात आणि कोणत्या परिस्थितीत गप्प बसतात, हा माझा प्रश्न होता.

जूनचे उरलेले तीन आठवडे यादी करण्यात गेले. शुद्ध प्रमाणद्रव्ये, म्हणजे आम्ही ज्यांना नुसते ‘स्टँडर्ड’ म्हणतो ती, समस्थानिकांनी खुणावलेली अंतर्गत प्रमाणद्रव्ये (तुलनेसाठी नमुन्यातच ठरावीक प्रमाणात घालायची), संयुग्मे, म्हणजे ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलेली रूपे, तोडणारे विकर, गाळणीच्या सी-१८ नळ्या, ऑक्सिजनविरहित संवर्धनाचे माध्यम आणि एक जिवंत जीवाणू अशी ती यादी होती. मी बाराही रूपांची प्रमाणद्रव्ये यादीत घातली होती. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी शांतपणे विचारले, “लघवीत मॅलोनिल रूप सापडेल असं तुला वाटतं का?” ते सापडण्याचे कारणच नव्हते, कारण साखरेची रूपे तोडल्याशिवाय शोषली जात नाहीत. सोयाच्या पदार्थाचे विश्लेषण करायचे असेल तर बारा रूपे लागतात. शरीरातून बाहेर पडलेल्या पदार्थांचे करायचे असेल तर मूळ रूपे आणि जीवाणूंनी बनवलेली उत्पादने पुरतात. या एका प्रश्नाने यादी निम्मी झाली. यादी करण्याआधी आपण कोणता द्रव तपासणार आहोत, हे एका वाक्यात लिहून समोर ठेवावे. मी ते नंतर केले, आधी करायला हवे होते.

जुलैमध्ये दरपत्रके मागवली. खरेदी समितीच्या नियमानुसार प्रत्येक वस्तूसाठी तीन पुरवठादारांची दरपत्रके लागतात, पण खुणावलेली प्रमाणद्रव्ये आणि ओ-डीएमए मोजक्याच ठिकाणी मिळतात. अशा वस्तूंसाठी ‘एकमेव पुरवठादार’ असल्याचे समर्थनपत्र जोडावे लागते आणि त्यात दुसरे पर्याय का चालणार नाहीत हे शास्त्रीय कारणांसह लिहावे लागते. माझे पहिले पत्र “हे उत्पादन इतरत्र उपलब्ध नाही” एवढ्याच वाक्यामुळे परत आले; दुसऱ्या पत्रात शुद्धता, समस्थानिकाची जागा आणि वापराची पद्धत दिली, तेव्हा ते मंजूर झाले. यात पाच आठवडे गेले. खर्चाचे प्रमाण सांगायचे तर सामग्रीच्या निधीतील निम्म्याहून अधिक रक्कम काही मिलिग्रॅम खुणावलेल्या द्रव्यांवर गेली आणि माध्यमे, आम्ले, द्रावके यांना मिळून किरकोळ भाग लागला.

नैतिक समितीकडे अर्ज मी खरेदी सुरू झाल्यावर दीड महिन्याने केला. ही चूक होती. दोन्ही प्रक्रिया एकमेकींवर अवलंबून नाहीत, त्यामुळे दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्यावेत. समितीचे प्रश्न नेमके होते आणि त्यांनी माझा आराखडा सुधारला. नमुने किती वर्षे ठेवणार, नाव आणि नमुन्याचा क्रमांक जोडणारी यादी कुणाच्या कुलुपात राहणार, सोयाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना कसे वगळणार आणि आपण इक्वॉल-उत्पादक आहोत की नाही हे सहभागी व्यक्तीला कळवणार का, असे ते प्रश्न होते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांचा मुद्दाही त्यांनी काढला, कारण सोयामुळे त्या औषधाच्या शोषणात अडथळा येऊ शकतो. तो निकष माझ्या मसुद्यात नव्हता. गेल्या तीन महिन्यांत प्रतिजैविके घेतलेल्यांना वगळण्याचे मात्र मी आधीच लिहिले होते. दोन फेऱ्यांनंतर ऑक्टोबरच्या मध्यावर परवानगी आली.

पहिले पार्सल १२ सप्टेंबरला आले. पाच कुप्या होत्या आणि त्या हातात घेताना झालेला आनंद मला अजून आठवतो. डेडझेइनची कुपी मी तिसऱ्यांदा वाचली तेव्हा पोटात गोळा आला, कारण ते डेडझेइन नव्हते, डेडझिन होते, म्हणजे त्याचेच ग्लुकोसाइड. रोमन लिपीत या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि ते अक्षर कोणत्या तरी टप्प्यावर, बहुधा पुरवठादाराने मागणी पुन्हा टंकताना, गळून पडले होते. मागणीपत्रात मी फक्त नाव लिहिले होते, त्यामुळे वाद घालायला माझ्याकडे आधार नव्हता. बदली कुपी यायला सात आठवडे लागले. तेव्हापासून प्रत्येक मागणीवर मी कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक) आणि रेणुभार दोन्ही लिहिते. डेडझेइनचा कॅस क्रमांक ४८६-६६-८ आणि रेणुभार २५४.२४ आहे, डेडझिनचा क्रमांक ५५२-६६-९ आणि रेणुभार ४१६.३८. जेनिस्टेइन आणि जेनिस्टिन या जोडीतही हाच धोका आहे. इक्वॉलच्या बाबतीत आणखी एक निवड असते : जीवाणू केवळ एस-इक्वॉल बनवतात, पण बाजारात स्वस्त मिळणारे इक्वॉल हे दोन्ही प्रतिबिंबरूपांचे मिश्रण असते. साध्या स्तंभावर, म्हणजे मिश्रणातील पदार्थ वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडून विलग करणाऱ्या यंत्रातील नळीवर, दोन्ही रूपे एकाच वेळी बाहेर पडतात आणि त्यांचा प्रतिसादही सारखाच असतो, म्हणून नुसत्या मोजमापासाठी मिश्रण चालते. एस रूपच आहे हे सिद्ध करायचे असेल तर वेगळा स्तंभ लागतो आणि शुद्ध एस-इक्वॉलही. मी मिश्रण जास्त आणि एस रूप अगदी थोडे मागवले, आणि हा निर्णय निधीच्या दृष्टीने बरोबर ठरला.

ऑक्टोबरमध्ये, डेडझेइन येण्याची वाट पाहत असताना, बाकीची साठा-द्रावणे केली. आयसोफ्लेव्होन पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून डीएमएसओ (डायमेथिल सल्फॉक्साइड) हे द्रावक वापरले जाते. डीएमएसओ हवेतील ओलावा झपाट्याने ओढते आणि साडेअठरा अंशांखाली गोठते, त्यामुळे फ्रीझरमधून काढलेली कुपी पूर्ण वितळून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत आणि नीट ढवळली जाईपर्यंत त्यातून काहीही काढू नये. मी एकदा घाई केली आणि वरचा पातळ भाग काढला. त्या दिवसाचे सर्व आकडे कमी आले. तेव्हापासून साठा छोट्या छोट्या गडद कुप्यांत वाटून ठेवते आणि एक कुपी दोनदाच वापरते. दुसरी गोष्ट, कुपीवर दहा मिलिग्रॅम लिहिलेले असले तरी त्यासोबतच्या विश्लेषण प्रमाणपत्रात शुद्धता आणि पाण्याचे प्रमाण दिलेले असते. वजनाला त्या दोन्ही आकड्यांची दुरुस्ती करून मगच संहती काढावी आणि लॉट क्रमांक वहीत लिहावा. अतिनील वर्णपटही घेऊन ठेवावा. डेडझेइनचे शोषण २५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, जेनिस्टेइनचे २६० च्या आसपास. इक्वॉलमध्ये मात्र कार्बोनिल गट आणि त्यालगतचा दुहेरी बंध नसतो, त्यामुळे त्याचे शोषण २८० च्या जवळ आणि क्षीण असते. केवळ अतिनील शोधकावर इक्वॉल मोजण्याचा विचार मी याच आठवड्यात सोडला आणि रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या वस्तुमान वर्णपटमापकाच्या रांगेत नाव घातले.

नोव्हेंबरबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे.

लघवीतील आयसोफ्लेव्होनचा बहुतेक भाग ग्लुकुरोनाइडच्या आणि थोडा सल्फेटच्या रूपात असतो. मूळ रूप मोजण्यासाठी ही जोडलेली टोके आधी तोडावी लागतात आणि त्यासाठी बहुतेक सगळे हेलिक्स पोमॅटिया या गोगलगायीच्या पाचक रसातून काढलेले विकर वापरतात, कारण त्यात ग्लुकुरोनिडेज आणि सल्फेटेज दोन्ही असतात. अ‍ॅसिटेट बफर, पीएच ५, तापमान ३७ अंश आणि रात्रभराचा कालावधी अशी पद्धत ठरली. बफर फॉस्फेटचा घेऊ नये, कारण फॉस्फेट आणि सल्फेट आयनांमुळे या सल्फेटेजचे काम मंदावते. मॅडमचा नियम असा की “आधी रिकामं चालव, मग भरलेलं.” म्हणून ६ नोव्हेंबरला मी लघवीऐवजी शुद्ध पाणी घेतले, त्यात बफर आणि विकर घातले, रात्रभर ठेवले, सकाळी सी-१८ नळीतून गाळले आणि यंत्रावर चढवले.

पाण्यात डेडझेइनचे शिखर, म्हणजे यंत्राच्या आलेखात पदार्थ बाहेर पडल्याचा उंचवटा, आले. ते लहान होते, पण स्पष्ट होते आणि नेमक्या वेळेला आले होते. त्याच्या मागोमाग जेनिस्टेइनचेही.

पुढचे दोन आठवडे मी हे शिखर कुठून येते ते शोधत होते. पहिला संशय आदल्या इंजेक्शनच्या अवशेषावर होता, म्हणून प्रत्येक दोन नमुन्यांच्या मध्ये तीन वेळा नुसते द्रावक सोडले. शिखर तसेच राहिले. मग काचेच्या नळ्या बदलल्या, पाण्याचा स्रोत बदलला, गाळणीच्या नळ्यांचा लॉट बदलला. रात्री झोपेत सुद्धा मी नळ्या मोजत असे. शेवटी आमच्या प्रयोगशाळेतील एका ज्येष्ठ संशोधिकेने, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, एक साधी गोष्ट सुचवली : एकामागून एक घटक वगळून पाच वेगवेगळे ब्लँक (नमुना न घातलेल्या चाचण्या) एकाच दिवशी चालव, वेगवेगळ्या दिवशी नको. नुसते पाणी; पाणी आणि बफर; पाणी, बफर आणि उकळून निष्क्रिय केलेले विकर; पाणी, बफर आणि सक्रिय विकर; आणि शेवटी सक्रिय विकराचे प्रमाण दुप्पट. पहिल्या दोन्हींत काहीही नव्हते. तिसऱ्यात शिखर होते. चौथ्यात होते. पाचव्यात ते जवळजवळ दुप्पट झाले. विकर निष्क्रिय केल्यावरही शिखर राहिले, याचा अर्थ डेडझेइन कोणत्याही अभिक्रियेतून तयार होत नव्हते. ते विकराच्या पुडीसोबतच येत होते. गोगलगाय वनस्पती खाते आणि तिच्या पाचक रसाचे कच्चे विकर करताना वनस्पतींतील ही संयुगेही त्यात उतरतात. नंतर शोधल्यावर जुन्या शोधनिबंधांतही याचा उल्लेख सापडला. मी तो आधी वाचला होता आणि महत्त्वाचा नाही म्हणून पुढे गेले होते.

तो आलेख मी छापून वहीत चिकटवला आहे, पाचही रेषा एकाखाली एक.

उपाय दोन होते. पहिला म्हणजे जीवाणूमध्ये जनुकीय तंत्राने बनवलेले ई. कोलायचे ग्लुकुरोनिडेज घ्यायचे. ते स्वच्छ असते, पण त्यात सल्फेटेज नसते आणि त्याला पीएच सातच्या जवळचा लागतो, त्यामुळे सल्फेटची संयुग्मे तशीच राहतात. दुसरा उपाय, गोगलगायीचेच विकर बफरमध्ये विरघळवून सी-१८ नळीतून सोडायचे, म्हणजे आयसोफ्लेव्होन नळीत अडकतात आणि प्रथिन खाली उतरते. मी दुसरा घेतला. पण गाळल्यावर विकराची ताकद टिकली का, हे तपासणे भाग होते. त्यासाठी ४-मेथिलअंबेलिफेरिल ग्लुकुरोनाइड आणि त्याचेच सल्फेट वापरले. ही संयुगे तुटली की सुटणारे ४-मेथिलअंबेलिफेरोन पीएच दहाच्या द्रावणात अतिनील दिव्याखाली निळे चमकते. अंधाऱ्या खोलीत दिवा लावला आणि दोन्ही नळ्या निळ्या उजळल्या, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की हे काम होणार. ही तपासणी नुसत्या बफरमध्ये करून थांबू नये. लघवीत फॉस्फेट आणि सल्फेट भरपूर असतात, त्यामुळे सल्फेटेज बफरमध्ये चोख चालते आणि लघवीत रेंगाळते. मी आता प्रत्येक नमुन्यात हे दोन्ही पदार्थ ठरावीक प्रमाणात घालते आणि ते पूर्ण तुटल्याचे दिसले तरच त्या नमुन्याचा आकडा ग्राह्य धरते. आमच्या लघवीच्या नमुन्यांत विकराची मात्रा नुसत्या बफरमधल्या चाचणीच्या दुप्पट ठेवावी लागली.

डिसेंबरमध्ये अंतर्गत प्रमाणद्रव्यांचा प्रश्न समोर आला. आम्ही चार ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असलेले डेडझेइन मागवायचे ठरवले होते. मागणी जाण्याच्या आदल्या दिवशी मी रेणुभारांचा तक्ता पुन्हा पाहिला. डेडझेइन २५४, अधिक चार, म्हणजे २५८. आणि ओ-डीएमएचा रेणुभारही २५८. ऋण आयनांत, म्हणजे एक प्रोटॉन गमावल्यावर, दोन्ही २५७ वर दिसणार. ज्यांच्याकडे तिहेरी क्वाड्रुपोल यंत्र (रेणू तोडून त्याचे तुकडेही मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक) आहे, त्यांना तुकड्यांवरून आणि बाहेर पडण्याच्या वेळेवरून हे वेगळे करता येते, पण आमच्या वाट्याला सुरुवातीचे काही महिने एकेरी क्वाड्रुपोल आले होते आणि तिथे सगळा भार केवळ स्तंभावर पडला असता. शिवाय फेनॉलच्या शेजारच्या जागेवरील ड्युटेरियम गरम आम्लात निसटू शकतो. म्हणून आम्ही तीन कार्बन-१३ असलेले डेडझेइन आणि जेनिस्टेइन घेतले. ते पुष्कळ महाग पडले आणि दहा आठवडे लागले. असाच दुसरा सापळा ग्लायसिटेइनचा आहे. लाल क्लोव्हरमधील बायोकॅनिन-ए आणि सोयातील ग्लायसिटेइन यांचे रेणुसूत्र एकच आहे आणि दोन्ही मेथिल गट गमावून २८३ वरून २६८ वर जातात, त्यामुळे तिहेरी क्वाड्रुपोलही इथे पुरेसे मदतीला येत नाही आणि दोघांना स्तंभावरच वेगळे करावे लागते. आपण बायोकॅनिन-ए मोजणार नसलो तरी त्याची एक कुपी घ्यावी, म्हणजे ते नेमके कुठे बाहेर पडते हे माहीत राहते.

जानेवारी जिवंत सामग्रीचा होता. इक्वॉल बनवणारा अ‍ॅडलरक्रॉयट्झिया इक्वॉलिफेशियन्स हा जीवाणू २००८ मध्ये वर्णिला गेला आणि तो संवर्धन-संग्रहातून मागवता येतो. त्यासाठी सामग्री हस्तांतरण करार, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी आणि आयातीची कागदपत्रे अशी तीन पत्रे लागली आणि तिन्हींवर वेगवेगळ्या अधिकाऱ्यांची सही हवी होती. करारात नाव विभागाचे असावे की संस्थेचे, एवढ्या एका मुद्द्यावर दोन आठवडे गेले. करारावर सही करण्याचा अधिकार कुणाला आहे, हे कागद भरण्याआधी विचारून घ्यावे. जीवाणू गोठवून वाळवलेल्या रूपात आला, म्हणून वाटेत शीतसाखळीची चिंता करावी लागली नाही.

ऑक्सिजनविरहित पेटीत काम करणे मला सर्वांत अवघड गेले. माध्यमात रेझाझुरिन घातलेले असते. द्रावण गुलाबी असले की ऑक्सिजन शिल्लक आहे आणि रंगहीन झाले की पेरणी करता येते. माझी पहिली चार माध्यमे दोन दिवसांनीही गुलाबीच राहिली. दोष प्लॅस्टिकच्या थाळ्यांचा होता : प्लॅस्टिकमध्ये ऑक्सिजन मुरलेला असतो आणि तो सावकाश बाहेर पडतो, त्यामुळे थाळ्या आणि पिपेटची टोके किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस आधीच पेटीत ठेवावी लागतात. पेटीतला ऑक्सिजन काढून टाकणारा पॅलेडियम उत्प्रेरकही नियमितपणे भट्टीत तापवून ताजा करावा लागतो, कारण ओलावा धरला की त्याचे काम थांबते. हा जीवाणू सावकाश वाढतो. पाचव्या दिवशी सुईच्या टोकाएवढ्या वसाहती दिसल्या, तेव्हा मी त्या भिंगाखाली बराच वेळ पाहत बसले.

इथेही सोया आधीच हजर होते. मी निवडलेले माध्यम गॅम होते, जे अशा जीवाणूंसाठी सर्रास वापरतात, आणि त्याच्या घटकांत सोया पेप्टोन असते. नोव्हेंबरने शहाणपण शिकवले होते, म्हणून पेरणीपूर्वी नुसते माध्यम यंत्रावर चालवले आणि त्यात आयसोफ्लेव्होनची शिखरे मिळाली. जीवाणूला मी किती डेडझेइन दिले, हे सांगता येण्यासाठी माध्यमात आधीपासून किती आहे, हे माहीत असायलाच हवे. मग मेंदू-हृदय अर्काचे माध्यम घेतले, त्यात सिस्टीन आणि आर्जिनिन घातले आणि ते स्वच्छ निघाले. शेजारच्या गटाला हीच अडचण उंदरांच्या बाबतीत आली होती; नेहमीच्या खाद्यात सोयापेंड असते आणि उंदीर इक्वॉल सहज बनवतात, त्यामुळे सोया न देताही त्यांच्या रक्तात इक्वॉल भरलेले असते. त्यांनी एआयएन-९३ हे केसीनवर आधारलेले शुद्ध खाद्य घेतल्यावर पार्श्वभूमी खाली आली. त्या खाद्यात सोयाचे तेल असते, पण आयसोफ्लेव्होन तेलात जवळजवळ उतरत नाहीत.

फेब्रुवारी आणि मार्च पद्धतीच्या पडताळणीत गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार अचूकता आणि पुनरावृत्ती यांतील तफावत १५ टक्क्यांच्या आत, सर्वांत खालच्या पातळीला २० टक्क्यांच्या आत हवी. आकडे डेडझेइन, जेनिस्टेइन आणि इक्वॉलसाठी लवकर बसले, ओ-डीएमएला तीन फेऱ्या लागल्या. खरी अडचण आयसोफ्लेव्होन नसलेली लघवी मिळवण्याची होती. प्रयोगशाळेतील पाच जणांनी पाच दिवस सोया टाळून नमुने दिले आणि पाचांपैकी तिघांच्या नमुन्यांत डेडझेइन होतेच, कारण सोयाचे पीठ आणि प्रथिन कितीतरी तयार पदार्थांत मिसळलेले असते व माणसाला त्याचा पत्ता नसतो. शेवटी स्वच्छ निघालेल्या दोघांचे नमुने एकत्र केले आणि जोडीला कृत्रिम लघवी वापरली. साठवणुकीसाठी सोडियम अझाइड घालण्याचा सल्ला अनेक ठिकाणी आहे. आमचा बफर आम्लधर्मी असल्याने आणि आम्लात अझाइडपासून विषारी हायड्रॅझोइक आम्ल सुटत असल्याने आम्ही ते टाळले, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घातले आणि नमुने लगेच उणे ऐंशी अंशांवर ठेवले. जे अझाइड वापरतील त्यांनी ते धातूच्या नळांतून ओतू नये. तांबे आणि शिसे यांच्याशी त्याचे स्फोटक क्षार बनतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्वयंसेवक आले. प्रत्येकाने तीन दिवस रोज ठरलेल्या प्रमाणात सोया दूध घ्यायचे आणि चौथ्या दिवशी सकाळचा नमुना द्यायचा. निकष सेचेल आणि कोल यांनी २००६ मध्ये मांडलेला घेतला : लघवीतील एस-इक्वॉल आणि डेडझेइन यांच्या गुणोत्तराचा दहा पायाचा लॉगरिदम उणे १.७५ पेक्षा अधिक असेल तर व्यक्ती उत्पादक. म्हणजे इक्वॉल डेडझेइनच्या साधारण १.८ टक्के असले तरी पुरते. गुणोत्तर वापरल्याचा मोठा फायदा असा की कुणी कमी सोया घेतले, कुणी पाणी जास्त प्यायले, तरी वर्गीकरण फारसे हलत नाही. एकूण उत्सर्जनाचे आकडे मात्र लघवी किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या क्रिएटिनिनने भागूनच पाहावे लागतात.

पहिल्या स्वयंसेविकेचा नमुना २७ एप्रिलला चालवला. आधी पाणी, मग बफर, मग गाळलेले विकर, असे तीन ब्लँक गेले आणि तिन्ही रेषा सपाट आल्या. मग तिचा नमुना गेला. डेडझेइन आले, थोड्या अंतराने इक्वॉल आले, उंच आणि सरळ, आणि गुणोत्तर निकषाच्या बरेच वर गेले. दुसऱ्या नमुन्यात डेडझेइन तितकेच होते, ओ-डीएमए भरपूर होते आणि इक्वॉलच्या जागी काहीच नव्हते. त्या सपाट जागेवर मला विश्वास ठेवता आला, कारण त्याआधीच्या तिन्ही रेषा मी पाहिल्या होत्या. दोघींनीही निकाल कळवावा अशी खूण संमतीपत्रावर केली होती. समितीने मंजूर केलेल्या शब्दांत दोन्ही पत्रे तयार करून मॅडमच्या सहीसाठी ठेवली आणि संध्याकाळी विकराच्या पुढच्या लॉटची मागणी भरली, कॅस क्रमांकासह. तो आला की पाचही ब्लँक पुन्हा चालवायचे आहेत.